गाडी वेळेवर पोहोचते

ग्रंथपालांच्या मनात पाल चुकचुकली ती बोटीच्या पुस्तकापासून.

वाचनालयाचा नियम त्यांनीच केलेला. आधीच्या पुस्तकावर वहीत चार ओळी लिहायच्या, मगच पुढचं पुस्तक. मोठी माणसं 'छान आहे' एवढं खरडून सटकायची. ती चौदा वर्षांची मुलगी मात्र टेबलाच्या कोपऱ्याशी वाकून अर्धं पान भरायची आणि लेखकांची बिनपाण्याने करायची. 'नायिका एवढी रडते, तिला जेवायला वेळ कधी मिळतो?' 'या कथेत हेर सोडून सगळ्यांना अक्कल आहे.' 'प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही, पैज लावा.' ग्रंथपाल ते वाचून एकटेच हसायचे.

पण बोटीच्या पुस्तकावर तिने लिहिलं, 'शेवटी सगळे खलाशी किनाऱ्याला लागतात आणि कप्तान दोन दिवस झोपून राहतो, हे मला फार पटलं.' ग्रंथपालांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्या पुस्तकात बोट बुडते, कप्तानासकट.

मग बर्फाचं पुस्तक. पाचपैकी तीन गिर्यारोहक दरडीखाली जातात, हिच्या वहीत पाचही जण खाली उतरून एकमेकांचे पत्ते घेत होते. कुठेतरी पाणी मुरत होतं. पोरगी पुस्तक उघडतच नाही, मुखपृष्ठ बघून ठोकून देते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्यातच त्यांच्या लक्षात आलं की ती एका घडी घातलेल्या कागदावरून वहीत उतरवते. म्हणजे दुसरंच कोणीतरी लिहून देत होतं! इतके दिवस आपण कोणाच्या विनोदांना हसलो, या विचाराने त्यांना भलताच राग आला.

त्यांनी सापळा लावला. पहिल्याच पानावर आगगाडी रुळावरून घसरते अशी कादंबरी तिच्या हातात ठेवली. चार दिवसांनी वहीत आलं, 'गाडी वेळेवर पोहोचते. सुरुवात जरा संथ आहे.'

"हे वाचलंस तू?" ग्रंथपालांनी विचारलं.

"वाचलं, सर. मोठ्याने वाचलं."

"आणि गाडी वेळेवर पोहोचते?"

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, कार्ड बंद करू नका ना."

"का लिहितेस हे असलं? आणि तो कागद कोण देतं तुला?"

"सांगता येणार नाही. बाबांना विचारू नका, प्लीज."

झालं. ज्याला विचारू नको म्हणतात त्यालाच विचारायचं, हा ग्रंथपालांचा स्वभाव. कार्ड त्यांनी खिशात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी, ती शाळेत असताना, त्यावरचा पत्ता शोधत दोन जिने चढले.

दार तिच्या वडिलांनी उघडलं, भिंत चाचपत. पूर्वी ते मालाचा टेम्पो चालवायचे. दोन वर्षांपूर्वी अपघात झाला, त्यात दोन्ही डोळे गेले. ग्रंथपालांनी घसा साफ करून तक्रार मांडली, तसे ते मोठ्याने हसले.

"मला ठाऊक आहे, सर. ती रोज मला वाचून दाखवते. छान चाललेलं असतं, मग एकदम आवाज बदलतो. पान उलटल्याचं ऐकू येत नाही आणि सगळे सुखरूप घरी! तो कागद आम्ही दोघं मिळून लिहितो. हेराचा शेरा माझा होता."

ग्रंथपालांचा सगळा राग उतरला. "म्हणजे तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून अपघात गाळते. गुणी आहे हो पोरगी."

"तिलाही तसंच वाटतं." वडील खुर्चीत बसले. "त्या दिवशी टेम्पोत माझ्या शेजारी तीच बसली होती. अंगावर ओरखडा नाही. पण नंतर आठ महिने तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, सगळं झालं. शेवटी हिच्या आईने तुमच्याकडून एक पुस्तक आणलं आणि मी म्हटलं, मला दिसत नाही गं, वाचून दाखवतेस का? तेव्हा बोलली." त्यांनी आवाज खाली आणला. "मला पुस्तकांचा भयंकर कंटाळा आहे, सर. पहिल्यापासून. हे मात्र तिला सांगू नका."

ग्रंथपालांना स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं माणसं पुस्तकं नेतात ती वाचायला, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी खिशातलं कार्ड वडिलांच्या हातात दिलं.

जिन्यात ती समोरूनच आली, दप्तरासकट. त्यांना बघून जागीच थबकली.

"सर, बाबांना सांगितलंत?"

"नाही," ग्रंथपाल म्हणाले. "उद्या ये. या वेळी चांगलं जाडजूड पुस्तक काढून ठेवतो."