निखाऱ्याचा एकमेव वाचक

माझा काका चष्म्याचं दुकान चालवतो आणि गिऱ्हाईक नसलं की ‘निखारा’ या नावाने ब्लॉगवर कविता टाकतो. वाचायला काळं कुत्रंही फिरकत नसे. मग दादाने कॉम्प्युटरला शिकवायला घेतलं. तो कॉम्प्युटर दिवसभर नेटवरचं नवंनवं वाचतो, चांगलं ठेवून त्यातून शिकतो, बाकीचं फेकतो. काका खूश. रोज विचारायचा, “आज माझं वाचलं का रे त्याने?”

“सगळ्यात आधी तुझंच वाचतो, काका.”

हे खोटं नव्हतं. कचरा ओळखायला शिकवायचं तर कचऱ्याचे नमुने लागतात आणि दादाने पहिल्या दिवसापासून काकाचा ब्लॉग लावून दिला होता. काका सोडून घरात सगळ्यांना ठाऊक. आई भांडी विसळता विसळता म्हणायची, “भाऊजी, लिहिणं सोडू नका हं. पोराचं काम अडेल.” आम्ही ताटात बघून हसायचो.

यंदा शाळेच्या वेबसाइटवर माझा लेख आला. काकाने मला पहिला चष्मा लावला आणि झाडाला सुटी सुटी पानं असतात हे मला कळलं, त्यावर. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. दादाच्या कॉम्प्युटरने फेकला.

“वाचता तरी येतं का त्याला?”

“लेख झकास आहे गं. पण त्यात तू काकाला ‘निखारा’ म्हटलंयस. ते नाव दिसलं की फेकायचं, हे तो आपणहून शिकलाय.”

“मग उलटं शिकव.”

“एका काकासाठी? नाव काढ की.”

मी काढलं. आता चष्मा ‘एका दुकानदाराने’ लावला. लेख राहिला. मी घरभर नाचले.

संध्याकाळी काका आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने फोनवर लेख वाचला.

“यात माझं नाव होतं ना?”

“जागा कमी पडली, काका.”

“असू दे. नाव काय चाटायचंय? छान जमलंय.”

मग तो एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप करत बसला. थोड्या वेळाने दादाने मला खुणावलं. माझा लेख पुन्हा कचऱ्यात. लेखाखाली काकाची प्रतिक्रिया आली होती: पुतणीच्या कौतुकाची चार ओळींची कविता आणि सही, निखारा.

लेखाखालची प्रतिक्रिया पुसायचा हक्क लेख लिहिणाऱ्याला असतो. काका समोरच बसला होता, माझ्या तोंडाकडे बघत.

“वाचलीस?”

“मस्त आहे,” म्हणत मी ती पुसली.

“आणि त्याने?”

“सगळ्यात आधी,” दादा म्हणाला.