वाढत्या अंगाची सीट

भगवंतरावांनी लेकरांसाठी मापाची वस्तू जन्मात कधी घेतली नाही. लेकरांचं सगळं वाढत्या अंगाचं. नितेश पहिलीत गेला तेव्हा त्याची चड्डी तिसरीतल्या पोराची होती आणि बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला होता. वऱ्हाडात कापसाला काय तोटा? तो बूट पायाला बरोबर बसायला लागला त्याच आठवड्यात त्याचा तळ फाटला, असं रुख्मिणीबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि भगवंतराव अजून त्यांना खोटं पाडतात.

अमरावतीत या माणसाला सगळे सर म्हणूनच ओळखतात. उभा जन्म शाळेत पीटी शिकवण्यात गेला. त्याआधी ते स्वतः कबड्डीचे नाणावलेले खेळाडू होते, आणि त्यांची ख्याती पकडीची. त्यांनी घोटा धरला की समोरच्यानं रेषेची आशा सोडावी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मनगटाचा अभिमान काही निवृत्त झाला नव्हता. म्हणून नात झाली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मनाशी पक्की केली. पोरगी अकोल्याहून अमरावतीला पहिल्यांदा घरी येईल ती आजोबाच्या मांडीवर बसून येईल.

नात झाली होती अकोल्याला, रीतीप्रमाणे सुनेच्या माहेरी. नाव ठेवलं दामिनी. भगवंतराव मधूनमधून जाऊन तिला पाहून येत, पण व्याह्याच्या घरी नातीला किती वेळ घेऊन बसावं यालाही मर्यादा असते. विहीणबाईंनी भुकेची वेळ झाली म्हटलं की मुकाट्यानं लेकरू परत द्यावं लागतं. त्यामुळे साडेतीन महिन्यांत या आजोबाचं मन काही भरलं नव्हतं. अकोला ते अमरावती अख्खा रस्ता ती आपली, या हिशेबावर ते जगत होते.

सुनेला आणायचा दिवस ठरला तो पितृपक्ष लागायच्या आदला. तो हुकला की पंधरवडा गेला. सगळं जुळून आलं, आणि मग प्राजक्तानं फोनवर सांगितलं की दामिनी गाडीत बसेल ती लहान बाळांच्या सीटवरच. मांडीवर नाही. कोणाच्याच नाही, माझ्यासुद्धा नाही, असंही ती म्हणाली. पण एवढं पुढचं ऐकायला भगवंतरावांचे कान जाग्यावर नव्हते.

"माह्या हातावर भरोसा नाही तिचा," असं ते दोन दिवस घरभर म्हणत फिरले. रुख्मिणीबाईंनी समजावलं, नितेशनं समजावलं, अपघातांचे दोन व्हिडिओही दाखवले. सरांनी ते चष्मा न लावता पाहिले. खरं सांगायचं तर त्यांना मनापासून लागलं होतं. सुनेला आपण लेकीसारखं मानतो आणि ती आपल्या हातात स्वतःचं लेकरू द्यायला तयार नाही, एवढंच त्यांना समजलं होतं. शेवटी म्हणाले, सीटच पाहिजे ना, मग मी स्वतः आणतो. नितेश मोबाइलवरून मागवायला निघाला होता, त्यालाही त्यांनी थांबवलं. लेकराची वस्तू हातात घेऊन पाहावी लागते.

अमरावतीत बाळांच्या सामानाचं दुकान हसनैनचं, आणि हसनैन म्हणजे सरांच्या कबड्डीच्या संघातला जुना पोरगा. आता त्याचेच केस पिकायला आले होते, तरी सर दुकानात शिरल्याबरोबर तो उभा राहिला. बच्चीचं वजन किती, हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. सर म्हणाले, वजनाचं काय घेऊन बसला, ते तं रोज वाढून राहिली. हसनैननं एक टोपलीएवढी, आरामखुर्चीसारखी कललेली सीट काढून दाखवली. ही वर्ष-सव्वा वर्ष पुरते, मग लेकरू मोठं झालं की पुढची घ्यायची.

"वर्षासाठी वस्तू घेत असते का कोनी, हसनैन?" सरांनी विचारलं, आणि त्यांची नजर मागच्या उंच, ताठ पाठीच्या सीटवर गेली. ती चार वर्षांपुढच्या पोरांची होती. हसनैननं दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मैदानावर उशिरा आल्यासारखं वाटलं, आणि त्यानं ती उंच सीट गुपचूप बांधून दिली. दुसऱ्या गिऱ्हाइकाशी तो भांडला असता. सरांशी कसा भांडणार?

ठरल्या दिवशी मंडळी अकोल्याला पोचली. जेवणात पाटोडीचा रस्सा होता, व्याही सूर्यभानजी आग्रह करकरून वाढत होते. मग प्राजक्ताची ओटी भरली, दामिनीच्या गालाला तीट लागली आणि सगळं घर अंगणात आलं. भगवंतरावांनी खोक्यातून सीट काढून मागच्या बाकावर बसवली आणि जरा बाजूला सरकून उभे राहिले. चार लोकांनी कौतुक करावं एवढी जागा त्यांनी ठेवली होती.

प्राजक्तानं दामिनीला सीटवर ठेवलं. दामिनी हळूच खाली घसरली. पुन्हा वर घेतली, पुन्हा घसरली, आणि पट्टा तिच्या कानापाशी आला. एवढ्या मोठ्या सीटवर ती पोत्यात उरलेल्या एकट्या संत्र्यासारखी दिसत होती. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सूर्यभानजींना मात्र राहवलं नाही.

"इवाईबुवा, संग शायेचं दप्तर बी आनलं असन नं?"

सगळे हसले. भगवंतरावही हसले, कारण न हसून जातील कुठे. पण हार मानतील तर ते सर कसले? त्यांनी उशा मागवल्या, गोधडी मागवली आणि बुटात कापूस कोंबावा तसं दोन्ही बाजूंनी कोंबून पाहिलं. दामिनी बसली खरी, पण तिची मान दर वेळी छातीवर पडत होती. दोनदा झाल्यावर प्राजक्तानं तिला उचलून घेतलं. ती रागावली नव्हती, रडायच्या बेतात होती, आणि ते भगवंतरावांना रागापेक्षा अवघड वाटलं.

उन्हं उतरायला लागली होती. उद्या पितृपक्ष. मग जे कोणीतरी म्हणणारच होतं ते विहीणबाई म्हणाल्या, की आजच्यापुरतं मांडीवर घ्या, आपण सगळे मांडीवरच तर आलो. रुख्मिणीबाईंनी मान डोलावली, सूर्यभानजींनीही. प्राजक्तानं नितेशकडे पाहिलं. नितेशनं गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. मग तिनं दामिनीला सासऱ्यांच्या हातात दिलं.

भगवंतरावांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चूक आपली, फजिती आपली, आणि वर बक्षीसही आपल्यालाच. ते पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. पट्टा लावला नाही, कारण पट्ट्याखाली लेकरू दाबलं गेलं असतं. उंच सीट डिकीत गेली, मागे रुख्मिणीबाई आणि प्राजक्ता बसल्या, गाडी निघाली, सूर्यभानजींचं घर वळणाआड गेलं. दामिनी त्यांच्या हातावर मान टाकून झोपली. तिच्या टाळूला दुधाचा आणि वेखंडाचा वास होता. भगवंतरावांना वाटलं, याच्यासाठी तर आलो होतो.

वस्ती अजून संपली नव्हती. गाडीला वेगही नव्हता. एक शेळी कडेचा पाला सोडून अचानक आडवी आली आणि नितेशनं ब्रेक दाबला. ब्रेक म्हणजे काय, रोज दहादा दाबतो तसा. पण त्या क्षणी भगवंतरावांचा एक हात सुटला आणि समोरच्या डॅशबोर्डवर जाऊन टेकला. दुसऱ्या हातावर दामिनी पुढे झुकली आणि तिचं कपाळ डॅशबोर्डच्या वीतभर अलीकडे थांबलं. तिनं डोळे उघडले, आजोबाकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. शेळी निघून गेली. मागे रुख्मिणीबाई शेळीच्या मालकाचा उद्धार करू लागल्या.

भगवंतराव आपल्या हाताकडे पाहत राहिले. त्यांनी काही त्याला तिकडे जा म्हटलं नव्हतं. ज्या हातातून कधी कोणी सुटलं नाही तो हात लेकराला सोडून स्वतःच्या मालकाला सावरायला धावला होता. यात लबाडी नव्हती, आळस नव्हता, मायेत काही कमी नव्हतं. शरीर असंच करतं, एवढंच. कोणी पाहिलंही नव्हतं. गप्प राहिले असते तर ही गोष्ट त्यांच्याबरोबरच संपली असती, आणि थोडं अंतर ते गप्प राहिलेही. मग पुढे मोठा रस्ता दिसला. त्यावरून ट्रक सुसाट चालले होते.

"नितेश, गाडी बाजूले घे," ते म्हणाले. गाडी थांबल्यावर त्यांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. "प्राजक्ता, आता ब्रेक लागला तवा माह्या हातानं पोरीले सोडलं. म्या नाही सोडलं, हातानं सोडलं. पन सोडलं. तुह्यं बरोबर होतं."

प्राजक्ता त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिनं पुढे वाकून दामिनीला घेतलं आणि छातीशी धरलं. रुख्मिणीबाईंनी दामिनीचं कपाळ चाचपून पाहिलं.

परत व्याह्याच्या दारी जायचा प्रश्नच नव्हता. ओटी भरून निघालेल्या सुनेनं मागे फिरू नये, हे एक. आणि सूर्यभानजींनी दप्तराचा विषय मरेपर्यंत सोडला नसता, हे दुसरं. भगवंतरावांनी हसनैनला फोन लावला आणि म्हणाले, हसनैन, तू बरोबर होता. सरांच्या तोंडून असलं वाक्य अमरावतीतल्या एकाही विद्यार्थ्यानं ऐकलं नव्हतं, त्यामुळे बिचाऱ्यानं आधी कोण बोलतंय ते विचारलं. मग भानावर येऊन त्यानं अकोल्यातला पत्ता दिला. त्याची मावसबहीण लुबना तिथे असंच दुकान चालवत होती.

नितेशनं कडेकडेनं, बैलगाडीच्या चालीनं गाडी तिथवर नेली. लुबनानं आधी सीट दाखवलीच नाही. दामिनीचं वजन विचारलं, प्राजक्तानं सहा किलो सांगितलं. मग लुबनानं एक छोटी, कललेली सीट खाली मांडली, दामिनीला तीत ठेवलं आणि खांद्यावरचे पट्टे एवढे ओढले की खाली एखादं बोट जेमतेम जावं. दामिनीची मान मागे टेकून सरळ राहिली. ती पाय झाडत दुकानातल्या पंख्याकडे पाहू लागली. भगवंतरावांनी एकच विचारलं, ही सीट गाडीत उलटी, मागे तोंड करून का लावायची?

"ब्रेक लागला का झटका पुऱ्या पाठीवर जाते, काका. मानेवर नाही," लुबना म्हणाली.

काल हेच कोणी म्हटलं असतं तर सरांनी तासभर वाद घातला असता. आज त्यांनी मान हलवली. रुख्मिणीबाईंनी मुद्दामच विचारलं, किती दिवस पुरेल ही? वर्ष, फार तर सव्वा वर्ष, लुबना म्हणाली. रुख्मिणीबाई नवऱ्याकडे मोठ्या आशेनं पाहू लागल्या.

"तवा दुसरी घेऊ," भगवंतराव म्हणाले. "पोरगी आज जेवढी हाय तेवढ्याच मापाची पाह्यजे."

सीट गाडीत बसवताना मात्र त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. सीटवर गुडघा रोवला आणि गाडीचा पट्टा असा ओढला, जणू जुना घोटाच पुन्हा हाती लागला असावा. लुबनानं सीट धरून हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. तिनं पसंतीची मान हलवली तेव्हा सरांची छाती जराशी फुगलीच.

रुख्मिणीबाई पुढे बसल्या. मागे एका खिडकीशी दामिनीची सीट. भगवंतराव दुसऱ्या खिडकीकडे निघाले, कारण लेकराजवळची जागा आईची. पण प्राजक्तानं त्यांना थांबवलं.

"मामाजी, तुमी मंधात बसा तिच्याजोळ," ती म्हणाली. "मी खिडकीशी बसतो."

मधली जागा उंच माणसाची नव्हे. गुडघे हनुवटीशी आले, तरी भगवंतराव बसले आणि आधी स्वतःचा पट्टा लावला. बोरगाव मंजू मागे पडलं. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर उभी होती, आणि दामिनी टक्क जागी होऊन आजोबाच्या तोंडाकडे पाहत होती. मांडीवर असती तर तिचं नुसतं टाळकं दिसलं असतं. त्यांनी अगदी हळू आवाजात, दम न सोडता कबड्डी कबड्डी म्हणायला सुरुवात केली. दामिनीनं तोंडाचं बोळकं पसरलं. दम संपला की ती वाट पाही, पुन्हा सुरू झाला की पुन्हा हसे.

मूर्तिजापूर येईतो त्यांच्या दुसऱ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. त्यांनी वळून पाहिलं. प्राजक्ता झोपली होती. खिडकीला लावलेली मान कधी घसरून त्यांच्या खांद्यावर आली होती, तिला पत्ताही नव्हता. साडेतीन महिने लेकराच्या प्रत्येक हालचालीला जागी होणाऱ्या त्या पोरीनं भर रस्त्यात, लेकरू सासऱ्याजवळ ठेवून डोळे मिटले होते. भगवंतरावांचे डोळे भरून आले. पुसायला हात वर करावा तर तिची झोप मोडेल, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले.

पुढे एक ट्रक रेंगाळत होता. नितेशनं हॉर्नकडे हात नेला तसे भगवंतराव दबक्या आवाजात म्हणाले, वाजवू नको, त्याच्या मागंमागं चाल, घाई कायची हाय.