नाव नसलेला पाचवा भाग

मित्रांनो, मुरूम गावच्या बाजारात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात टेबलाखाली मुक्काम ठोकून बसलेला मी एक जुना संगणक आहे. चौदा वर्षं झाली. बाजूचं झाकण नीट बसत नाही, पंखा घरघरतो. पण डोकं शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मध्यंतरी मी कामातून गेलो अशी आवई उठली होती, म्हणून सांगावं लागतं.

सोलापुरात माझे सुटे भाग जोडले आणि मालक गौरीशंकर यांनी मला गोधडीत गुंडाळून एसटीनं गावी आणलं. तेव्हा माझा काय थाट होता! गिऱ्हाईक माझ्या पडद्याला नाक लावून चुलत्यांची नावं मोजायचं. एखादं राहिलं तर भर मांडवात रुसवेफुगवे, म्हणून सगळे मला जपून असायचे.

आमच्या भागात सोयरीक बऱ्याचदा कर्नाटकात जुळते, त्यामुळं पत्रिका मराठीत हवी तशी कन्नडमध्येही. मराठीचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवर चालायचं. मालकीणबाई महेश्वरी माहेरच्या कर्नाटकातल्या आळंदच्या. कन्नड टाइप करायला त्यांना लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली, सोयीचं पडलं. म्हणून त्यांच्या मुलीनं, शिवप्रियानं, दोन्ही माझ्या एकाच पोटात बसवली. सुरू होताना मी विचारायचो, कुठं जायचं? मालक एक निवडत, मालकीणबाई दुसरं. भांडण म्हणून नव्हतं.

मालकीणबाईंच्या बाजूला एक फोल्डर होतं, 'अव्वा' नावाचं. त्यांच्या आईनं ओसरीवर बसून म्हटलेली सोबानेची पदं, म्हणजे कन्नड लग्नगीतं, त्यात होती. अकरा पदं. मध्येच खोकला, मध्येच कोंबडीला 'हुश्श'. पुढं अव्वा वारल्या. ज्या फोनमध्ये तो आवाज घेतला होता तो हौदात पडला. शिवप्रियाच्या हळदीला हीच पदं लावायची, असं मालकीणबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. दुसरी प्रत काढायचं मात्र 'उद्या करू' म्हणता म्हणता राहून गेलं.

आणि मग दसरा काढायची वेळ आली. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन काढतात. गोधड्या नदीवर, डबे अंगणात, निरुपयोगी ते उकिरड्यावर. मालकांना हुक्की आली. म्हणाले, "ह्याचा बी दसरा काढू की!" त्यांनी माझ्या डिस्कचे भाग पडद्यावर उघडले. मोठा भाग बायकोचा, एवढं त्यांना ठाऊक होतं. शेजारी चार जीबीचा एक लहान भाग होता, त्याला नाव नाही, गाव नाही. "हे काय अडगळ!" म्हणत त्यांनी तो पुसला. हे झाडलोट करणं नव्हतं हो! तो लिनक्सचा कामाचा भाग होता, जागा अपुरी पडली की तात्पुरता पसारा ठेवायचा.

बरं, त्याचा नंबर पाचवा. तो गेल्यावर मालकीणबाईंचा सहावा भाग आपोआप पाचवा झाला. माझ्या दारावर ग्रब नावाचा एक छोटा प्रोग्राम पहारा देतो. त्याला सहावा नंबर तोंडपाठ होता. दुसऱ्या सकाळी तो सहावा शोधत राहिला आणि काळ्या पडद्यावर लिहून मोकळा झाला, असा भागच नाही. मराठी बाजू धडधाकट असूनही तिच्याकडंही कुणाला जाऊ देईना. मला सगळं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. त्या लाचारीनं मी रडकुंडीला आलो.

उमरग्याहून व्यंकट नावाचा दुरुस्तीवाला आला. बघून म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागंल. सगळं कोरं हुईल, पण चालू हुईल."

मालक अपराध्यासारखे म्हणाले, "मारा मग."

"थांबा!" मालकीणबाई ओरडल्या. "माझ्या अव्वाचा आवाज हाय त्यात. मशीन बंद पडलं तरी चालंल, पण पुसायचं न्हाय!"

मालकांचं तोंड उतरलं. "म्या तर नुसतं साफ केलं गं," एवढंच ते बोलले.

शिवप्रिया स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "दादा, जरा थांबता का? नुसता पत्ता चुकला असंल, तर माणसं घरातच असत्याल." फोनवर वाचत वाचत तिनं माझ्या भागांची यादी काढली आणि एकेक भाग उघडून पाहू लागली. पहिला, विंडोजचा. दुसरा, मालकांच्या पत्रिकांचा. तिसऱ्या-चौथ्या नंबरात उघडण्यासारखं काही नव्हतंच. मालकीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता. पाचवा उघडला, आणि आत फोल्डरची ओळीनं नावं आली. 'अव्वा' तिथंच होतं.

तिनं पहारेकऱ्याला नवा नंबर सांगितला. मी रखडत रखडत सुरू झालो. मग, हे महत्त्वाचं, तिनं सगळ्यात आधी ती पदं पेनड्राइव्हवर उतरवून देवघरात ठेवली आणि नंतर तो नंबर कायमचा बसवला. व्यंकटनं वहीत सगळं लिहून घेतलं. "ताई, हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाला बिचारा. भला माणूस.

तुळशीचं लग्न झाल्यावर शिवप्रियाला हळद लागली. मला अंगणात नेऊन स्पीकर जोडले. अव्वांचं पद घुमलं, कोंबडीच्या 'हुश्श'ला सगळे खळखळून हसले, आणि मालकीणबाई हसता हसता रडल्या. त्यांनी हळदीचा हात माझ्या झाकणावर ठेवला. पाच बोटं उमटली.

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. जे मोलाचं आहे त्याची दुसरी प्रत आजच काढा. आणि ज्याला नाव नाही ते अडगळच, असं धरून चालू नका.

यंदा पुन्हा दसरा काढला. मालक ओलं फडकं घेऊन माझ्याजवळ आले, त्या पिवळ्या बोटांपाशी थबकले आणि आत हाक मारली, "अगं, हे पुसू का?"

"न्हाय," आतून आवाज आला.

त्यांनी फडकं खाली ठेवलं.