वाल्बुर्गाची घंटा

ओटमार गेला त्या सकाळी चर्चची घंटा वाजली नाही. एरवी गावात कुणी गेलं की ती वाजते आणि बायका हातातलं काम टाकून खिडकीशी येतात. त्या दिवशी कुणीच आलं नाही. वाल्बुर्गा नवऱ्याच्या उशापासून उठली, काळा रुमाल डोक्याला बांधला आणि थेट फादर कोर्बिनियानकडे गेली.

"ओटमारनं चर्च सोडलं होतं, वाल्बुर्गाबाई," फादर खाली बघत म्हणाले.

तिला का ते ठाऊक नव्हतं? इथे सरकार प्राप्तिकराबरोबरच चर्चचा करही वसूल करतं. किर्खनश्टॉयर म्हणतात त्याला. नको असेल तर कचेरीत जाऊन 'मी चर्चचा नाही' म्हणून सही करायची. कर सुटतो, पण मग मरणाचे विधीही सुटतात. ओटमार घरांची छपरं शाकारायचा. धंदा बसला त्या वर्षी तो सही करून आला. "चर्चच्या जमिनी पूर्वी राजांनी गिळल्या, आणि त्याची भरपाई आमच्या डोक्यावर!" असं वर ऐकवलंन. पुढे बरे दिवस आले, पण परत जायचं तर नाक आडवं आलं. घंटेवरचं छप्पर मात्र दर वसंतात तोच फुकट दुरुस्त करायचा. असला हट्टी माणूस! वाल्बुर्गा आपली बेकरीतल्या पगारातून स्वतःचा कर भरत राहिली.

"शेवटी काही बोलला का? चुकलं, असं काही?" फादरनी विचारलं. "एक शब्दही मला पुरेल."

बिचारे जवळजवळ खोटं बोलायची विनवणीच करत होते. 'हो' तिच्या ओठांवर आलंही. पण जन्मात कुणापुढे न वाकलेल्या माणसाला मेल्यावर वाकवायचं?

"नाही. सूप खारट झालंय म्हणाला."

फादरना हसू आलं आणि डोळेही भरले.

"मी कर भरलाय ना?" तिनं विचारलं.

"भरलाय की."

"मग माझी घंटा शिल्लक आहे. ती त्याला द्या. मी गेले की वाजवू नका."

"असं देता येत नाही हो."

"त्याच्या हातचं छप्पर बरं घेता आलं!"



शुक्रवारी फादरविना, प्रार्थनेविना पेटी खड्ड्यात उतरली. वाल्बुर्गानं मूठभर माती टाकली, आणि घंटा वाजू लागली.

शेजारीण दचकली. "अगं बाई, आता आणखी कोण गेलं?"

"मी," वाल्बुर्गा म्हणाली, आणि ओटमार गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.