चव्वेचाळीस टक्के

"ताई, पोरीचं रक्त वाढलं की हो!" समोरच्या गल्लीतले शिंपीकाका इस्पितळातल्या लॅबच्या खिडकीत रिपोर्ट नाचवत होते. "काल हिमोग्लोबिन अकरा, आज साडेचौदा. ताप पण उतरला. आत्ताच घरी नेतो, रिक्षा उभीच आहे."

लॅबवाल्या ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. सकाळपासून डेंग्यूच्या साठ-सत्तर नळ्या झाल्या होत्या आणि खिडकीशी प्रत्येकाने एकच विचारलं होतं, प्लेटलेट किती? या मुलीच्या नव्वद हजार होत्या, म्हणजे डेंग्यूच्या मानाने बऱ्याच. पण खालच्या ओळीत, रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण कालच्या चौतीस टक्क्यांवरून चव्वेचाळीसवर गेलं होतं.

रिपोर्टचा अर्थ नातेवाइकांना सांगायचा नाही, असा नियम होता. त्यावरून ताईंना एकदा मेमोही मिळाला होता.

"थांबा जरा."

त्यांनी नळी पुन्हा यंत्राला लावली. चव्वेचाळीसच.

"काका, रक्त वाढलेलं नाही. त्यातलं पाणी शिरांबाहेर झिरपतंय, म्हणून उरलेलं दाट झालंय."

"अहो, पण ताप गेला ना!"

"ताप गेल्यावरच हे होतं. तिला नेऊ नका."

"डॉक्टर म्हणाले न्या, तुम्ही म्हणता नको. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"नाही. त्यांनी आजचा कागद पाहिला?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. कालचाच पाहिला होता.

वॉर्डातला फोन नुसता वाजत राहिला. बावीस वर्षांच्या उभ्या नोकरीने गुडघे धरले होते, तरी ताई तीन मजले चढून गेल्या.

छोटे डॉक्टर डिस्चार्ज लिहीत होते. "प्लेटलेट तर छान आहेत, ताई."

"खालची ओळ बघा. कालची आणि आजची."

त्यांनी पाहिलं आणि पेन टाकून ते खाटेकडे धावले. मुलगी घरी जायचे कपडे घालून बसली होती. हातपाय गार, नाडी बारीक आणि भरभर.

"सलाईन! लगेच!"

तीन तासांनी, ड्यूटी संपून गेल्यावर, ताई पुन्हा नमुना घ्यायला आल्या. काकांनी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली. ताईंनी मुलीचा हात हातात घेतला. कोमट होता.

"परत टोचणार?" मुलगी वैतागली. "चाळणी केलीत माझ्या हाताची."

"टोचणार," ताई म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच टेकल्या, खाटेच्या कडेवर.