मोजणीवाली

आमच्या बोगोता शहरात माणसाला आधी नाव विचारत नाहीत, थर विचारतात. सरकारने प्रत्येक घराला एक ते सहापैकी एक आकडा लावून दिलाय. एक म्हणजे डोंगरावरची पत्र्याची खोली, सहा म्हणजे दारात पहारेकरी. खालच्या थरांना वीज-पाणी स्वस्त, वरच्यांना महाग. कल्पना एखाद्या भल्या माणसाला सुचली असेल, मी नाही म्हणत नाही. पण आकडा लावला घराला आणि चिकटला माणसाला. आता मुली प्रेमात पडायच्या आधी मुलाचा थर विचारून घेतात, आणि बसमध्ये कुणी मोठ्याने बोलली की बाकीच्या नाक मुरडतात, "दोनची दिसते."

आमची गल्ली दोनचीच. थर ठरवायला येणारे सरकारी मोजणीवाले घरात शिरत नाहीत, बाहेरूनच बघतात. दार कशाचं आहे, भिंतीला गिलावा आहे का, फरसबंदी धड आहे का. त्यामुळे आमच्याकडे आत चकचकीत फरशी, भिंतभर टीव्ही, आणि बाहेर उघड्या विटा. कुणी हौसेने बाहेरून घर सजवलं तर त्याच्यापायी सगळ्या रांगेचा आकडा चढेल, म्हणून बाकीचे त्याला जगू देत नाहीत. मीही देत नाही. कपडे शिवून पोट भरते मी, मला तीनचा थर झेपणार नाही.

नोहोरा माझ्या समोर राहते. तिची मुलगी मारिसेला दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. तिचं हेर्मान नावाच्या मुलाशी जमलं, आणि हा हेर्मान पाचचा. झालं, तेव्हापासून नोहोराचे पाय जमिनीवर नव्हते. भाजी घेतानासुद्धा "आमचे पाचवाले" म्हणायची. रविवारी हेर्मानची आई पहिल्यांदाच घरी येणार होती. नोहोराने बाहेरच्या भिंतीला लावायला पांढऱ्या रंगाचे डबे आणले, आमच्याकडे पाहुण्यांना गरम चॉकलेटबरोबर चीज देतात म्हणून उत्तम चीज आणलं. आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरच्या वाण्याने, आबेलार्दोने, बातमी आणली की मोजणीवाले याच आठवड्यात येणार आहेत.

"शेजारीणबाई, रंग लावायचा नाही," तो नोहोराला म्हणाला. "लग्न झाल्यावर लावा. सोन्याचा मुलामा द्या, कोण अडवतंय."

"आणि विहीणबाई काय म्हणतील?"

"विहीणबाई गल्लीचं विजेचं बिल भरणार आहेत का?"

नोहोराने आशेने माझ्याकडे बघितलं. मी दोऱ्याला गाठ मारत बसले. शेवटी तिने डबे पलंगाखाली सरकवले, कारण तोरा कितीही असला तरी बिलाची धास्ती तिलाही होतीच.

शनिवारी सकाळी गल्ली सजली, पण उलटी. फुलांच्या कुंड्या आत गेल्या, मोडक्या खुर्च्या बाहेर आल्या. आबेलार्दोने नवी मोटरसायकल ताडपत्रीखाली झाकली आणि मेव्हण्याकडच्या कोंबड्या आणून रस्त्यावर सोडल्या. मी चांगले पडदे काढून फाटके लावले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या खिडकीला फाटके पडदे, आणि कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही.

दुपारी एक बाई कोपऱ्यावर टॅक्सीतून उतरली. करडा कोट, बगलेत चामड्याची पिशवी. दारं बघत, भिंती बघत, फरसबंदीवर बूट जपून टाकत ती सावकाश येत होती. चेहरा असा आंबलेला की सरकारीच असणार. आबेलार्दोने शीळ घातली आणि सगळे आपापल्या दारात दीनवाणे होऊन उभे राहिले.

बाई नेमकी नोहोराच्या दारात थांबली.

"हे घर तुमच्या नावावर आहे?" तिने विचारलं. ना नमस्कार, ना काही.

"कसलं नावावर, सेन्योरा," नोहोरा म्हणाली. "दिराशी भांडण आहे. कोर्टात पडलंय." तिला दीरच नाही.

"राहतं कोण कोण?"

"मी, आजारी नवरा, सासू, अंथरुणाला खिळलेली बहीण." नवरा त्या वेळी स्वतःचा ट्रक घेऊन किनाऱ्याकडे गेला होता, आणि सासू मरून जमाना झाला.

"आणि कमावतं कोण?"

"एकटी पोरगी. तिच्या पगारावर सगळ्यांची तोंडं. उद्या तिचं लग्न झालं तरी पगार इथेच द्यावा लागणार, नाहीतर चूल पेटायची नाही."

"लग्न ठरलंय?"

"ठरल्यातच जमा. मुलगा खात्यापित्या घरचा आहे. त्यालाच म्हणू, बाबा, आमचं छप्पर तेवढं करून दे."

खोटं बोलायला लागली की नोहोरासारखी नोहोराच. मलाही राहवलं नाही. "पाऊस आला की हिच्याकडे घरभर पातेली मांडावी लागतात, सेन्योरा," मी म्हणाले.

"आम्ही दोनचेसुद्धा ओढूनताणून," आबेलार्दोने भर घातली. "तुम्ही एक लिहिलंत तरी आमची हरकत नाही."

"मी काहीच लिहीत नाहीये," बाई म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अस्सं, म्हणजे हिला काहीतरी हवंय. नोहोरा धावत आत गेली, रविवारचं चीज कागदात गुंडाळून घेऊन आली आणि बाईच्या पिशवीत कोंबायला लागली. "घरचंच समजा, सेन्योरा. लाजू नका."

त्याच वेळी मारिसेला बसमधून उतरून चढ चढत आली. शनिवारी तिचा दवाखाना लवकर सुटतो.

"सेन्योरा कॉन्स्तान्सा?" ती म्हणाली. "तुम्ही उद्या येणार होतात ना?"

नोहोराचा हात पिशवीतच राहिला.

"उद्या तुम्ही दाखवलं असतं तेवढंच दिसलं असतं," बाई म्हणाली. "म्हणून आज आले."

"ते सगळं खोटं होतं, सेन्योरा!" नोहोराला रडू फुटलं. "मोजणीसाठी बोलले मी. आमच्याकडे ट्रक आहे. आत या ना, फरशी बघा, टीव्ही बघा. बहीणबिहीण कुणी नाही आजारी."

कॉन्स्तान्साबाईंनी चीज काढून मोडक्या खुर्चीवर ठेवलं आणि रुमालाने बोटं पुसली. मला वाटलं, आता खोटेपणावरून चार शब्द सुनावतील. पण नाही. पाचच्या माणसाचा जीव कशात अडकलेला असतो ते मला तेव्हा कळलं.

"पगाराचं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "तो लग्नानंतर इथे द्यायचा की आमच्याकडे? नव्या फ्लॅटचे हप्ते हेर्माननं दोन पगार धरून बसवलेत."

"तुमच्याकडेच, सेन्योरा, सगळाच्या सगळा तुमच्याकडे," नोहोरा म्हणाली.

मारिसेलाने आधी आईकडे बघितलं, मग त्या बाईकडे, मग आम्हा सगळ्यांकडे. आबेलार्दो कोंबड्या हाकलायचं निमित्त करून सटकला. मला घरात जाता आलं असतं, पण मी गेले नाही, मला पुढचं ऐकायचं होतं.

"मोजणी झाली का दोघींची?" मारिसेला म्हणाली आणि आत गेली.

हेर्मानचा फोन त्याच संध्याकाळी आला. आईचा राग उतरलाय, पगाराचं एकदा लिहून दिलंस तर पुढे जायला हरकत नाही, असं म्हणत होता. मारिसेलाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग तिने बॅग भरली.

आता ती वर डोंगरावर, एकच्या थरात, एका मैत्रिणीच्या खोलीत राहते. इकडे फिरकत नाही. नोहोरा माझ्या मशीनशी बसून रडते. मला आधी वाटलं, पोरीसाठी रडते. "एकमध्ये गं, शेजारीणबाई," ती म्हणते, "कुणाला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू?" परवा माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाने मारिसेलाची चौकशी केली. नोहोराने डोळे पुसले आणि सांगितलं की तिला चारमध्ये छान जागा मिळाली आहे. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी मान डोलावली.