पाचवं छिद्र

मत्सर देवळाच्या दाराबाहेर थांबतो, असं वाटतं ना तुम्हाला? अहो, आमच्या गावात तो थेट चर्चच्या भट्टीत शिरला होता!

इजिप्तमधल्या अखमीमजवळच्या आमच्या चर्चच्या अंगणात भट्टीची खोली आहे. तिला आम्ही बेथलेहेम म्हणतो. मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, भाकरी तिथेच भाजतात. पीठ, खमीर आणि पाणी, मीठ नाही. वर क्रूसाचा ठसा आणि प्रभूच्या पाच जखमांची पाच छिद्रं. टोपलीतली एकच निर्दोष भाकरी अबूना, म्हणजे आमचे धर्मगुरू, वेदीसाठी निवडतात. बावीस वर्षं ती जाखेरकाकांनी भाजलेली असायची आणि बावीस वर्षं त्यांची छाती फुगायची.

मग अबूनांनी मदतीला तरुण बिशाईला नेमलं. दोघांचे ठसे वेगळे, त्यामुळे लपून राहायचं काही नव्हतं. लागोपाठ चार रविवार निवडली गेली ती बिशाईची भाकरी!

काकांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. मी स्तोत्रं म्हणायला चर्चमध्ये गेलो की हा दार का लोटतो? अबूनांशी कुजबुजतो काय? मी दिसलो की गप्प का होतो?

"मर्सा, तो माझ्या भाकऱ्यांचं काहीतरी करतो," ते बायकोला म्हणाले.

"अहो, तो तर तुम्हाला वाकून नमस्कार करतो!"

"वाकणारेच पाय ओढतात!"

पाचव्या रविवारी सकाळी काका आत गेल्याचं सोंग करून खिडकीआड थांबले. बिशाईने दार लोटलं, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून टोकदार काडी काढली आणि काकांच्या कच्च्या भाकरीत खुपसली!

"चोरा! सापडलास!" काकांनी एका हातात त्याची कॉलर, दुसऱ्या हातात भाकऱ्यांची फळी धरली आणि अबूनांना गाठलं. "हा माझ्या भाकऱ्या बिघडवतो! आजच्या आज हाकला याला!"

बिशाई मान खाली घालून उभा. अबूनांनी फळीवरची एक भाकरी पुढे सरकवली. "हिला त्याने हात लावलेला नाही. छिद्रं मोज. डोळ्यांनी नको, बोटाने."

एक, दोन, तीन, चार. काकांनी पुन्हा मोजलं. चारच!

"तुझी नजर अधू झालीय, जाखेर. तुझं राहिलेलं छिद्र हा दर रविवारी पाडतो, तुझी भाकरी निदान टोपलीत जावी म्हणून. गावाला कळू देऊ नका, अशी त्यानेच मला गळ घातली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बिशाईने कान भरले!"

काकांनी फळी खाली ठेवली.

"बायबलमधल्या काइननेही देवाला अर्पण आणलं होतं," अबूना म्हणाले. "भावाचं स्वीकारलं गेलं आणि याचं डोकं फिरलं. पाप दाराशी टपलंय, असं देवाने बजावलं होतं त्याला. तू तर त्या पापाला आत घेऊन भट्टीवर शेकत बसवलंस!"

काकांचे डोळे भरून आले. "बिशाई, मी तुला चोर म्हणालो रे! मला माफ कर."

"ते राहू द्या, काका. भट्टी निवतेय."

मिस्सात शेजाऱ्याला शांतीचा हात द्यायची वेळ झाली, तेव्हा काका अख्खी रांग ओलांडून बिशाईकडे गेले. कुणाची भाकरी निवडली गेली, हे त्यांनी पाहिलंही नव्हतं. आता पीठ काका मळतात, छिद्रं बिशाई पाडतो.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या हातातली काडी आपलंच वाटोळं करणार असं वाटू लागलं, की आधी आपली छिद्रं मोजावीत. कमी भरली तर प्रभूपुढे तसं कबूल करावं. ज्याला आपण वैरी समजत होतो, तो बहुतेक वेळा आपलं उणंच भरून काढत असतो.